दहावा रकाना

राउटर विकत घ्यायला जाणाऱ्या माणसाला आपल्या भिंती किती आहेत हे माहीत असावं लागतं. दीपमाला निसळ यांना हे बुधवार पेठेत, तपकीर गल्लीतल्या एका दुकानाच्या पायरीवर उभं असताना कळलं.

"कशाला पाहिजे?" दुकानदाराने मान वर न करता विचारलं.

"इंटरनेटला."

"ते आलं लक्षात. राउटरमध्ये कोणी भजी तळत नाही. भिंती किती?"

"चार. खोलीच आहे ती. खोलीला असतात तेवढ्याच."

दुकानदाराने आता मान वर केली, दीपमालाताईंना एकदा नीट पाहून घेतलं आणि एक खोकं पुढे सरकवलं. "मग हा न्या. पाचवी निघाली तर परत घेणार नाही."

ही खोली होती वारज्याच्या सुप्रभात सोसायटीत, फाटकाला लागून. पूर्वी तिथे वॉचमन बसायचा. मग सोसायटीने कॅमेरे लावले, वॉचमनला काढलं, आणि तेव्हापासून तिथे एक मोडकी सायकल आणि मखराचा थर्माकोल असे दोघेच राहत होते. सोसायटीत स्वयंपाकाला येणाऱ्या बायका दुपारी एक घर संपवून दुसरं घर उघडेपर्यंत जिन्यात बसत आणि मोबाइलमधला डेटा संपला की तो उगाचच खिडकीबाहेर धरून पाहत. मागच्या गल्लीतल्या हॉस्टेलच्या मुलींचीही तीच तऱ्हा. दीपमालाताईंच्या मनात आलं, खोली झाडावी, दोन खुर्च्या टाकाव्यात, मुलाचा, शुभंकरचा, जुना संगणक ठेवावा आणि ज्याला हवं त्याने येऊन फुकट इंटरनेट वापरावं. एवढंच. समाजसेवा हा शब्दसुद्धा त्यांनी काढला नव्हता.

"आई, हे लीगली थोडं ट्रिकी आहे हं," शुभंकर फोनवर म्हणाला. "यू आर बेसिकली रनिंग अ सायबर कॅफे."

"मी कसला कॅफे चालवते? चहासुद्धा ठेवणार नाहीये."

शुभंकरच्या कंपनीची बस हिंजवडीच्या चौकात अडकलेली होती, त्यामुळे त्याच्याकडे समजावून सांगायला पाऊण तास होता. ऐकायला दीपमालाताईंकडे नव्हता. यजमानांनी, म्हणजे सुदर्शनरावांनी, विरोध असा केला नाही. आपल्याला कोणी न सांगितलेलं काम करताना पावती जपून ठेवावी, एवढंच ते म्हणाले आणि पुन्हा बिघडलेल्या मिक्सरच्या पोटात शिरले.

वाय-फायला नाव काय द्यायचं यावर सोसायटीची सव्वा तास बैठक झाली. बहुमत 'सुप्रभात'कडे होतं, पण पहिल्या मजल्यावरचे ब्याऐंशी वर्षांचे आप्पासाहेब उभे राहिले. दुपारी चार वाजता माणसाला 'सुप्रभात' दिसणं हे वस्तुस्थितीला धरून नाही, म्हणाले. पासवर्डवर अर्धा तास गेला. सेक्रेटरी गोपाळकृष्ण भणगे यांनी सतरा अक्षरांचा सुचवला. तो खुद्द भणग्यांनाच लक्षात राहीना, म्हणून दारावर लिहिला. मग दारावर लिहिलेला पासवर्ड हा पासवर्डच नव्हे असा मुद्दा निघाला, म्हणून तो पुसून दाराच्या आतल्या बाजूला लिहिला आणि दार उघडं ठेवायचं ठरलं.

इथवर सगळं रीतसर चाललं होतं. मग भणग्यांनी वही आणली.

भणगे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. नोकरी कुठली असं विचारलं तर "गोपनीय आहे" म्हणायचे. जकात नाक्यावर होते, असं आप्पासाहेब सांगायचे. आयुष्यभर दुसऱ्यांची गाठोडी सोडून बघितल्यामुळे बंद गाठोडं दिसलं की त्यांच्या बोटांना अजून खाज सुटते, असंही सांगायचे. बाहेरच्यांना इंटरनेट द्यायचं तर नोंद ठेवावी लागते असा कुठलासा नियम भणग्यांनी वाचला होता. त्यांनी जाड पुठ्ठ्याची शंभरपानी वही घेतली, प्रत्येक पानावर क्रमांक टाकला, 'या वहीत एकूण शंभर पाने असून एकही फाटलेले नाही' असा पहिल्या पानावर दाखला लिहून सही ठोकली, आणि पट्टीने रेघा मारून नऊ रकाने पाडले. नाव, पत्ता, ओळखपत्र, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, असे. तरी पानाच्या कडेला दोन बोटं जागा उरली. कोरी जागा भणग्यांना बघवत नाही. त्यांनी तिथे स्वतःच्या मनाने दहावा रकाना पाडला आणि वर लिहिलं, 'काय पाहिले'.

दुसऱ्या कुठल्या गावात लोक असल्या वहीवर हसले असते. सुप्रभातकरांनी ती मनापासून भरायला घेतली. आप्पासाहेबांनी लिहिलं, 'फिलाडेल्फियाचे हवामान. तेथे जावई असतो. बर्फ पडतो आहे. बरे झाले.' त्याखाली कोणीतरी, 'गुडघेदुखीवरील उपाय. सर्व खोटे.' हॉस्टेलमधली मैत्री नावाची मुलगी स्पर्धा परीक्षेसाठी वाशीमहून आलेली. तिने सोमवारी लिहिलं 'अभ्यास', मंगळवारी 'अभ्यास', बुधवारी 'अभ्यास, खरंच'. एका पानावर ठळक अक्षरांत होतं, 'ही वही इतरांनी वाचू नये.' आणि खाली वेगळ्या शाईत, 'वाचली.'

आणि इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. दीपमालाताईंना ती वही आवडायला लागली. संध्याकाळी पाचला खोली बंद करून त्या वही घरी आणायच्या आणि चहाबरोबर वाचायच्या. त्यांनी साडेपाचची मालिका सोडली. "देखरेख ठेवावी लागते," त्या सुदर्शनरावांना म्हणायच्या. सुदर्शनराव म्हणायचे, "हो, आणि आज काय झालं देखरेखीत?" मग दोघं मिळून देखरेख ठेवायचे.

फक्त शकूची ओळ सगळ्यांत वेगळी. शकू दीपमालाताईंकडे आणि आणखी तीन घरांत पोळ्या करायला यायची, धायरीकडून. आठवड्यातून दोनदा दुपारी दोन दहा ते दोन पन्नास ती खोलीत बसायची, नऊ रकाने नीट भरायची आणि दहाव्यात एक आडवी रेघ मारायची. सरळ, पट्टीने मारल्यासारखी.

त्या रेघेने दीपमालाताईंच्या जिवाला घोर लावला. बाकी सगळ्या सोसायटीचे गुडघे आणि जावई एकीकडे आणि ही रेघ एकीकडे.

"काय गं," त्यांनी एकदा सहज म्हणून विचारलं, "आवाज वगैरे नीट येतो ना त्या मशीनचा?"

"आवाजाचं काय न्हाई बघत मी, ताई," शकू पोळी उलटत म्हणाली.

म्हणजे आवाजाचं काही नव्हतं! गाणी, सिनेमे, पाककृती सगळं एका वाक्यात बाद. दीपमालाताई तीन दिवस उरलेल्या शक्यतांवर विचार करत होत्या. मग आपलीच लाज वाटून त्यांनी शकूला आपणहून सांगितलं, "हे बघ, तुला नसेल लिहायचं तर नको लिहूस. कोणाला काही कळणार नाही." शकूने मान डोलावली. पुढच्या खेपेला रेघ जरा जास्त ठाम आली.

भणग्यांना मात्र ती रेघ डोळ्यांत सलत होती. "वहिनी, रिकामा रकाना म्हणजे संशय. इतकी वर्षं नोकरी केली मी, रिकाम्या रकान्यातनं काय काय निघतं ते मला विचारा."

"नाही विचारत," दीपमालाताई म्हणाल्या.

मग भणग्यांनी ते केलं जे फक्त निवृत्त सरकारी माणसालाच सुचू शकतं. सुप्रभात सोसायटीत एक खोली आहे, तिच्यात दोन खुर्च्या आहेत, हे तोवर सरकारात कोणालाही ठाऊक नव्हतं. भणग्यांनी अंतर्जाल दक्षता कक्ष नावाचं एक कार्यालय शोधून काढलं आणि त्याला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं: 'दहावा रकाना रिक्त ठेवणाऱ्या इसमाबाबत काय कार्यवाही करावी, याबाबत कृपया मार्गदर्शन व्हावे.'

सरकारला सगळं सहन होतं. मार्गदर्शन मागितलेलं सहन होत नाही. कारण मग ते द्यावं लागतं, आणि द्यायचं तर फाइल उघडावी लागते. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. गेल्या तीन महिन्यांची नोंदवही, रिक्त रकाने पूर्ण करून, वापरकर्त्यांच्या पत्त्यांसह सादर करावी. पत्रावर नाव होतं, 'श्रीमती निसळ (चालक)'.

"चालक?" दीपमालाताई म्हणाल्या. "मी काय बस चालवते?"

"पावती ठेवली आहेस ना?" सुदर्शनरावांनी विचारलं.

वही पाठवायची नाही, हे दीपमालाताईंनी तिथल्या तिथे ठरवलं होतं. पण नाही म्हणायचं तर तोंडावर म्हणावं, म्हणून दुसऱ्या दिवशी त्या स्वारगेटला उतरून त्या कक्षात गेल्या. फाटकावर त्यांचं नाव लिहून घेतलं. जिन्याशी पुन्हा लिहून घेतलं आणि फोटो काढला. वरच्या मजल्यावर खिडकीत आणखी एक वही होती, तिच्यात पत्ता, वय, मोबाइल, आधार क्रमांक आणि भेटीचे कारण. दीपमालाताईंनी कारण लिहिलं, 'माहिती न देणे.'

"असं कारण चालत नाही," खिडकीतली बाई म्हणाली. "तक्रार, अर्ज किंवा इतर."

"मग इतर."

त्या बाकावर जाऊन बसल्या. वही खिडकीत तशीच उघडी. मागून आलेल्या एका गृहस्थांनी स्वतःचं नाव लिहायच्या आधी वरची ओळ वाचायला सुरुवात केली. ओठ हलवत, बोट फिरवत, सावकाश. मग वळून दीपमालाताईंकडे बघून हसले. "वारजे का? सुप्रभात? आमची बहीण असते त्या बाजूला. तुमचं वय वाटत नाही हो एवढं."

दीपमालाताईंच्या अंगावरून झुरळ गेल्यासारखं झालं. गृहस्थ वाईट नव्हते. वही समोर होती म्हणून त्यांनी वाचली, बस. संध्याकाळी पाचला, चहाबरोबर, आपणही असंच बोट फिरवतो, ओठसुद्धा हलवतो, हे त्यांना त्या बाकावर बसल्या बसल्या आठवलं, आणि इतकं लाजिरवाणं वाटलं की आपली पाळी आली तरी त्या उठेनात. शेवटी आत गेल्या तेव्हा तिथल्या तरुण निरीक्षकाने, इंद्रजीत वानखडे त्याचं नाव, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, इथं नाही देत तर नका देऊ. मी गुरुवारी अकराला तिकडं येतो न. पडताळणी करून टाकतो."

बातमी त्यांच्या आधी सोसायटीत पोचली होती. शकू पोळपाटाशी उभी होती, पण लाटणं हातात नव्हतं.

"ताई, तुम्ही म्हनला व्हता, कुनाला कळनार न्हाई."

"नाहीच कळणार."

"साहेब येनार हायेत म्हनं. त्या मशीनीत सगळं ऱ्हातं म्हनं. आमच्या घरी ह्ये कळलं ना, तर मला दारात उभं करनार न्हाईत. माझी पोरगी हाय घरात." ती पोळपाट सोडून जवळ आली. "पान फाडून टाका ना, ताई."

पान फाडता येत नव्हतं. शंभर पानं, शंभर क्रमांक, वर भणग्यांचा दाखला. दीपमालाताईंनी शकूच्या हातात लाटणं दिलं. काय पाहिलंस हा प्रश्न जिभेच्या अगदी टोकावर आला होता, तो त्यांनी पाण्याबरोबर गिळला. "तू पोळ्या कर," त्या म्हणाल्या. "मी रेघा मारते." आणि भणग्यांकडे जाऊन त्यांची स्टीलची पट्टी मागून आणली.

गुरुवारी अकराला वानखडे आले. खोलीत दीपमालाताई होत्या, भणगे इस्त्रीच्या शर्टात होते, सुदर्शनराव पावती घेऊन उभे होते, आणि आप्पासाहेब एक खुर्ची अडवून बसले होते. आपण कोण, असं वानखड्यांनी विचारल्यावर म्हणाले, "साक्षीदार. कशाचा ते अजून ठरायचंय."

"वही द्या न मॅडम. फोटो काढतो पानांचे, अन् जातो."

दीपमालाताईंनी एक वही पुढे केली. वानखड्यांनी उघडली. कोरी होती. दहा रकाने होते.

"ही काय आहे?"

"वही पाहणाऱ्यांची वही. बाहेरच्या माणसाची नोंद झाल्याशिवाय इथे काही बघायला मिळत नाही. सेक्रेटरींचा नियम आहे. काय हो भणगे?"

भणग्यांनी वहीतल्या रेघा पाहिल्या. नियम त्यांचाच होता. पट्टीही त्यांचीच होती. "आहे खरा," ते म्हणाले.

वानखड्यांनी मुकाट्याने नाव लिहिलं. घरचा पत्ता लिहिला, मोबाइल लिहिला, आधार क्रमांक लिहिला, आल्याची वेळ लिहिली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'साहेबांनी सांगितले.'

"हे कारण नव्हे, हा निरोप झाला," दीपमालाताई म्हणाल्या. "एक बाई दुपारी चाळीस मिनिटं काय वाचते, हे तुम्हाला कशासाठी बघायचंय ते लिहा. तिने काही गुन्हा केलाय? तसं लिहा. कोणी तक्रार केलीय? त्याचं नाव लिहा."

"तक्रार नाही मॅडम. तुमच्याच सोसायटीनं विचारलं न."

सगळ्यांनी भणग्यांकडे पाहिलं. भणग्यांनी छताकडे पाहिलं.

"बरं. आणि हा शेवटचा?" वानखड्यांनी दहाव्या रकान्यावर पेन ठेवलं.

"तो नंतर भरायचा. आत कुणाचं काय पाहिलंत ते सगळं लिहायचं आणि खाली सही. मग ही वही या टेबलावर उघडी राहील. येणारा-जाणारा वाचेल."

"माझा घरचा पत्ता आहे न त्यात. मोबाइल आहे."

"माझाही होता. तुमच्या खिडकीत. वयासकट."

वानखड्यांनी वही मिटली. मग पेनाचं टोपण लावून म्हणाले, "जाऊ द्या वही. मी इंटरनेटच्या कंपनीकडूनच यादी मागवतो. कोणी काय उघडलं, किती वाजता, सगळं येते त्यात. वहीपेक्षा बरं. सगळ्या सोसायटीचंच येऊन जाते एकदाचं."

आप्पासाहेबांनी फिलाडेल्फियाखेरीजही काही पाहिलं असावं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. पण खरी पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे भणग्यांचे कान. वहीत त्यांच्या नावापुढे रोज एकच नोंद असे, 'शासकीय संकेतस्थळ'. ते कान आधी गुलाबी झाले, मग जांभळे.

"सगळ्यांचं?" भणगे म्हणाले. "म्हणजे अगदी पदाधिकाऱ्यांचंसुद्धा?"

"सगळ्यांचं म्हणजे सगळ्यांचं."

दीपमालाताईंनी भणग्यांकडे पाहिलं. तीन महिने या माणसाने त्यांना छळलं होतं. आता नुसतं गप्प राहिलं असतं तरी पुरे होतं. आणि खरं सांगायचं तर शकूच्या रेघेने आली नसेल एवढी उत्सुकता त्यांना त्या क्षणी शासकीय संकेतस्थळाबद्दल आली. त्यांनी ती दाबली. सोपं नव्हतं.

"यांचंही मिळणार नाही," त्या म्हणाल्या. "कनेक्शन माझ्या नावावर आहे. नाकारणं माझ्या हातात आहे तोवर नाही. कारण लेखी द्या, मग मागवा. भणग्यांनी काय पाहिलं तो भणग्यांचा प्रश्न आहे."

भणगे दीपमालाताईंकडे असे बघत राहिले की जणू जकात नाक्यावर कोणीतरी त्यांचंच गाठोडं न उघडता पुढे जाऊ दिलं. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, कोरा कागद मागितला आणि उभ्या उभ्या लिहिलं: 'मागितलेल्या मार्गदर्शनाची आता आवश्यकता उरलेली नाही. सबब अर्ज मागे घेत आहे.'

वानखड्यांनी तो दोनदा वाचला. "अर्ज नाही तर फाइल नाही. आम्हाले तरी कुठं हौस आहे मॅडम, एकशे चाळीस फायली आहेत टेबलावर." ते उठले आणि दारात थांबले. "पण मी आलो अन् वही पाहिली नाही, हे मले लिहून लागते. कोणी नाकारली?"

सुदर्शनराव काही बोलायला पुढे झाले, पण दीपमालाताईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"मी," त्या म्हणाल्या. "दीपमाला सुदर्शन निसळ. चालक."

आणि त्यांनी लिहून दिलं. अक्षर त्यांचं शाळेतही कधी फारसं चांगलं नव्हतं, पण त्या दिवशी मोठं आणि गोल आलं. 'वही आहे. माझ्याकडे आहे. ती मी दाखवणार नाही, कारण लोकांनी त्यात जे लिहिलं ते माझ्या भरवशावर लिहिलं आणि जे लिहिलं नाही तेही माझ्या भरवशावर.'

"यावर नोटीस येऊ शकते, मॅडम."

"येऊ दे. जावक क्रमांक नीट टाका म्हणावं. आणि एका प्रतीवर पोच देऊन जा."

पोच मिळाली. सुदर्शनरावांनी ती राउटरच्या पावतीला टाचणीने जोडली, आणि संसारात इतक्या वर्षांनी बायकोने आपलं ऐकलं म्हणून दिवसभर खुशीत होते. नोटीस अजून आलेली नाही. येणारच नाही असंही नाही. आली तर काय लिहायचं ते दीपमालाताईंनी तयार ठेवलं आहे, आणि ते पहिल्यापेक्षा लांब आहे.

त्या दुपारी त्यांनी कणकेची खळ शिजवली, खाकी कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि वहीच्या पहिल्या पानापासून दहाव्या रकान्यावर चिकटवायला घेतल्या. आप्पासाहेबांचा जावई, गुडघे, मैत्रीचा अभ्यास, शासकीय संकेतस्थळ, एकेक करत सगळं कागदाखाली गेलं. भणगे येऊन समोर बसले आणि न बोलता पट्ट्या कापून देऊ लागले. पट्टी धरून, एकसारख्या.

शकू पोळ्या आटोपून हात पुसत दारात आली. तिच्या ओळीवर पट्टी चिकटत होती ती तिने पाहिली. भणगे पाणी प्यायला गेले तशी पुढे आली.

"ताई."

"काय गं?"

"सांगू का, म्या काय बघत व्हते?"

दीपमालाताईंचा खळीने माखलेला हात तसाच राहिला. तीन महिने. गाणी नाहीत, सिनेमे नाहीत, आवाज नाही. फक्त हो म्हणायचा अवकाश होता. शकू आपणहून सांगत होती, त्यात पाप नव्हतं, पहारा नव्हता, वही नव्हती. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा शकूकडे, आणि मोठ्या कष्टाने, अगदी दाढ काढताना करावं तसं तोंड करून म्हणाल्या, "नको."

शकूने कोरडेच हात पुन्हा पदराला पुसले. तिला बरं वाटलं की वाईट, ते कळलं नाही.

"फक्त एवढंच सांग," दीपमालाताई न राहवून म्हणाल्या, "झालं का काम तुझं?"

"अर्धं झालंय. आजून बघायचं हाय."

"मग उद्या ये दोनला. आणि दार आतून लावून घे."